तीनदा बदललेलं पाणी

गुरुवारी सकाळी साडेआठला मीनलचा फोन आला. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"बाबा, तुम्ही लोणचा कशाला घातला पार्सलमध्ये?"

पुरुषोत्तम खांबेटे चहाचा कप विसळत होते. त्यांनी नळ बंद केला. "लोणचा नाही. लोणचं."

"व्हॉटेव्हर! फुटला तो. बरणी फुटला. आईचा अल्बम सगळा लोणच्यात आहे. काच, लिंबू, पाक. तुम्ही काय विचार केला होता?"

"तूच विचारलंस ना, आईच्या हातचं लोणचं उरलंय का? अल्बमही तुलाच हवा होता. दोन्ही दिलं."

"एका बॉक्समध्ये?"

"बरणीला दोन टॉवेल गुंडाळले होते."

"एक होता. आणि तो टी टॉवेल होता."

खांबेट्यांनी कप पालथा ठेवला. एकच होता हे त्यांना आठवत होतं.

त्यांची बायको वीणा ऑक्टोबरात गेली होती. तिला तिकिटं जमवायचा नाद होता. लग्नानंतर इंग्लंडात वॉटफर्डला आली त्या वर्षापासून, म्हणजे अडुसष्ट सालापासून, पस्तीस वर्षं एका जाडजूड रजिस्टरमध्ये ती टपालाची तिकिटं लावायची. उजव्या पानावर तिकिटं, डाव्या पानावर निळ्या शाईनं काहीतरी लिहिलेलं. मीनल त्याला अल्बम म्हणायची. ती बेसिंगस्टोकला एका विमा कंपनीत होती. जन्म वॉटफर्डचा, मराठी बोलायची आपल्या पद्धतीनं, पण वाचता येत नव्हतं. डिसेंबरपासून तिनं तीनदा फोन करून वही मागितली होती. तिसऱ्या वेळी म्हणाली, "तुम्ही आईचं सगळं धरून बसलात. तुम्ही तर कधी ते उघडलं पण नाही." खांबेट्यांनी फोन ठेवला, बुटांचं मोठं खोकं काढलं, त्यात वही घातली. एका कोपऱ्यात जागा उरली. तिथे लोणच्याची बरणी बसवली. ती शेवटची बरणी. गोड लिंबाचं लोणचं, वीणानं जूनमध्ये खुर्चीवर बसून केलेलं, कारण तोपर्यंत तिला उभं राहवत नव्हतं. घे, सगळंच घे, असं मनात म्हणत त्यांनी खोक्याला चिकटपट्टी मारली होती. चाळीस वर्षं त्यांनी बसची इंजिनं खोलली आणि बांधली. काय कशाला घासेल, काय कुठे फुटेल, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"मग तू काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"पुसला. मग रेडिएटरवर ठेवला वाळवायला."

"रेडिएटरवर?"

"ओला होता, बाबा!"

"अगं, साखरेचा पाक तो. रेडिएटरवर ठेवून चिक्की केलीस त्याची."

मग ती म्हणाली, "डोन्ट यू डेअर." आणि फोन बंद झाला.

शनिवारी ती गाडी घेऊन आली. वही काळ्या कचऱ्याच्या पिशवीत होती. तिनं ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवली आणि कोट न काढता उभी राहिली. सुरुवातीची काही पानं सुटी होती. बाकीची वही वीट झाली होती. कडांना तांबडा रंग, मधेच तिखटाचे कण, एका ठिकाणी लिंबाची फोड दोन पानांमध्ये दाबून बसलेली. घरभर लोणच्याचा वास सुटला. तो वास या घरात कितीतरी वेळा सुटला असेल, पण तेव्हा तो चांगला वाटायचा.

"मी हरीशकाकांना फोन केला," मीनल म्हणाली. "ते येतात आत्ता."

"माझ्या घरात मला न विचारता?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"असता नाही. असतात."

"सी? धिस इज व्हाय." ती बागेच्या बाजूला तोंड करून उभी राहिली.

हरीश टिपणीस निवृत्त केमिस्ट. वॉटफर्डातल्या मराठी मंडळींत तिकिटं जमवणारे दोघंच, वीणा आणि ते. महिन्यातून एकदा कुठेतरी चर्चच्या हॉलमध्ये तिकिटांचा बाजार भरायचा, तिथे दोघं टिपणीसांच्या गाडीतून जायची. खांबेट्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, असं ते म्हणायचे. पण क्रिमेटोरियमच्या बाहेर, वीणाला आत नेऊन अर्धा तास झाला नव्हता तेव्हा, टिपणीसांनी त्यांचा हात हातात घेऊन हळूच विचारलं होतं, "वहीचं काय करायचं ठरवलंय?" त्या दिवसापासून खांबेट्यांनी त्या माणसाचं नाव घेतलं नव्हतं.

टिपणीस आले ते बॅग घेऊनच. चिमटा, भिंग, टीपकागद, हाडाची एक बोथट पट्टी. त्यांनी वही नाकाशी नेली.

"गोड लोणचं. वीणाताईंचं."

"वास घ्यायला बोलावलंय का तुम्हाला?" खांबेटे म्हणाले.

"बाबा!"

"असू दे गं," टिपणीस म्हणाले. "पुरुषोत्तमराव, तेल असतं तर अवघड होतं. पाक पाण्यात सुटतो. पण हे असं भाजून..."

"ते हिनं केलं."

"मी केलं? मी?"

"लोणचं कोणी घातलं, वाळवलं कोणी, त्यानं तिकिटाला फरक पडत नाही," टिपणीस भिंग डोळ्याला लावत म्हणाले. ते असंच बोलायचे, औषधाच्या चिठ्ठीवरचं वाचून दाखवल्यासारखं. "अडुसष्ट ते एकाहत्तर सुटी पानं आहेत, त्यांची घाई नाही. बहात्तर ते ऐंशी, हा मधला गठ्ठा सगळ्यात भिजलाय. तो मी आज नेतो. पुढचं नंतर बघू. आता सांगा, नक्की काय वाचवायचं?"

"म्हणजे?"

"सगळं वाचेलच असं नाही. काय महत्त्वाचं ते सांगा."

मीनल म्हणाली, "त्यात आईचं रायटिंग पण आहे."

"तिकिटांची माहिती असेल ती," खांबेटे म्हणाले. "कुठल्या सालचं, कुठल्या देशाचं. पुस्तकात मिळते सगळी." मग टिपणीसांकडे बघून म्हणाले, "तिकिटं घ्या. त्यासाठीच तर आलात. बाकीचं मला नको."

टिपणीसांनी मान हलवली. पट्टी हळूहळू आत सरकवत त्यांनी मधला गठ्ठा वेगळा केला, एकतीस पानांचा, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात घातला. मीनलनं त्यांना दारापर्यंत पोचवलं. परत आली तेव्हा ती रडलेली होती. "तुम्हाला वाटतं आईला फक्त तुम्ही लूज केलं," ती म्हणाली, आणि चहा न घेता गेली.

उरलेली वही खांबेट्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या खोलीत टाकली. दहा दिवस तिकडे बघितलं नाही. बघायचंच नाही असं ठरवलं होतं. अकराव्या दिवशी खोलीतल्या वासानं डोकं उठलं म्हणून ते सुटी पानं कचऱ्यात टाकायला गेले. पान उलटं होतं, तिकिटाची बाजू खाली. समोर वीणाचं अक्षर होतं आणि पहिल्याच ओळीत 'ह्यांनी' असं लिहिलेलं होतं.

"थंडी फार. ह्यांनी गराजमधून कुणाचा तरी जुना कोट आणला. बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. बाहेर पडता येतं हे काय कमी."

ते तिथेच पलंगावर बसले. पुढचं पान घेतलं.

"आज ह्यांनी भात केला. कच्चा. दोघांनी खाल्ला. कोणी काही बोललं नाही."

तिकिटाची माहिती कुठेच नव्हती. साल नाही, देश नाही. उजवीकडे पाकिटावरून काढलेलं तिकीट आणि डावीकडे ते पत्र आलं किंवा गेलं त्या दिवशी घरात काय झालं ते. दोन ओळी, तीन ओळी, कधी नुसता एक शब्द. खांबेटे नीट बसले आणि चष्मा पुसून, तिकिटांवरच्या शिक्क्यांतली सालं बघत, क्रमानं वाचू लागले. अडुसष्ट झालं, एकोणसत्तर झालं. शेवटचं सुटं पान एकाहत्तरचं होतं. त्या वर्षी टपालाचा संप झाला होता, सात आठवडे पत्र नाही.

"संप संपला. आज एकदम अकरा पत्रं आली. सगळ्यात जुनं पत्र आईला बरं नाही असं सांगणारं, सगळ्यात नवं तेराव्याचं. मी ती उलट्या क्रमानं उघडली. ह्यांना सांगितलं. म्हणाले, आता जाऊन काय उपयोग."

पान संपलं होतं.

ते वाक्य त्यांचंच होतं. कुठे उभं राहून बोलले तेही आठवलं, जिन्याच्या खाली, बूट काढत. विमानाच्या तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून बोलले की दमले होते म्हणून, ते मात्र आठवेना. ती तेव्हा काय म्हणाली हेही आठवेना. बहुतेक काहीच म्हणाली नाही. ती म्हणायची नाहीच. ते सगळं इथे लिहीत होती, आणि पुढे काय लिहिलं ते पुढच्या पानावर असणार. पुढचं पान बहात्तरचं.

त्यांनी धावत जाऊन फोन लावला.

"टिपणीस, काम थांबवा."

"अहो, झालंसुद्धा!" टिपणीसांचा आवाज कधी नव्हे तो खुशीत होता. "उद्या घेऊन येतो. बघाच तुम्ही."

रात्रभर खांबेट्यांनी स्वतःला समजावलं की झालं म्हणजे पानं सुटली, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिपणीस आले. हातात नवं कोरं काळ्या पानांचं पुस्तक होतं, तिकिटं खोचून ठेवायचं. त्यांनी ते टेबलावर उघडलं. एकशे चौसष्ट तिकिटं, ओळीनं, सपाट, स्वच्छ. कडांच्या दातऱ्यांमध्ये तिखटाचा कणसुद्धा नव्हता.

"कोमट पाण्यात तरंगत ठेवायची, पालथी," टिपणीस सांगू लागले. "ओढायचं नाही. कागद आपणहून सोडतो. मग टीपकागद, मग जाड पुस्तकांखाली चार दिवस. हळदीचे डाग खिडकीत ठेवून घालवले. जेवढं ऊन मिळालं तेवढ्यात. आणि हे लाल बघा. या लालचा रंग पाण्यात सुटतो, म्हणून याला पाण्यात घातलंच नाही. ओल्या टीपकागदावर ठेवून मागून सोडवलं. दोन दिवस लागले एका तिकिटाला."

"पानं कुठेयत?"

"कुठली पानं?"

"वहीची. ज्याच्यावर हे लावलेलं होतं."

टिपणीसांनी भिंग खाली ठेवलं. "ती टाकली. लगदा झाला होता. वास किती येत होता. आमच्या हिनं बाहेर ठेवायला लावलं होतं."

"त्यावर ती लिहायची."

"हो, शाई होती. पाणी निळं होत होतं म्हणून मी तीनदा बदललं."

"तीनदा."

"निळा रंग तिकिटांना लागू नये म्हणून."

खांबेटे उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "तिकिटाचा रंग सुटतो ते तुम्हाला कळतं. त्याला दोन दिवस देता. आणि पाणी निळं झालं ते कशानं झालं, हे एकदाही डोक्यात आलं नाही?"

"तुम्हीच म्हणालात, तिकिटं घ्या, बाकीचं नको. मीनल साक्षीला आहे. मी विचारलं होतं, काय वाचवायचं."

"मला माहीत नव्हतं त्यात काय आहे!"

"मलाही नव्हतं."

"तुम्हाला नव्हतं? महिन्याच्या महिन्याला तिच्या शेजारी बसून, वही उघडून, भिंग लावून बघायचात. वीस वर्षं! एक ओळ वाचली नाहीत?"

टिपणीसांचा चेहरा तांबडा झाला. एवढी वर्षं सगळं हळू बोलणारा माणूस पहिल्यांदा ओरडला. "दुसऱ्याच्या बायकोनं लिहिलेलं मी कशाला वाचू? मी उजवं पान बघायचो! आणि मला काय विचारता, पुरुषोत्तमराव? मी महिन्यातून एकदा बघायचो. तुम्ही तर त्याच घरात राहत होतात. तुम्ही पस्तीस वर्षांत एक ओळ वाचली नाहीत."

टिपणीस खाली वाकले, पडलेली खुर्ची उचलून जागेवर ठेवली. हे त्यांनी करायला नको होतं. त्यानं खांबेट्यांना जास्तच राग आला.

"निघा."

"निघतो. उरलेल्या पानांचं सांगतो आणि निघतो."

"हात लावायचा नाही त्याला."

"मी नाही लावत. तुम्ही लावाल, चाकू घेऊन, आणि फाडाल, म्हणून सांगतो." त्यांनी बॅगेतून झाकणाचा मोठा डबा काढला. तळाशी स्पंज होता, त्यावर जाळी. "स्पंज ओला करायचा, टपकेल एवढा नाही. वही जाळीवर. झाकण लावायचं. पाण्यात घालायचं नाही, नुसती दमट हवा. पाक मऊ होतो, शाई जागेवर राहते. रोज बघायचं. जे पान आपणहून सुटतंय तेवढंच, या पट्टीनं सोडवायचं. नख लावायचं नाही. एका दिवसात एक पान. कधी तेवढंही नाही."

"हे तेव्हाच का नाही केलंत?"

"यात तिकिटांना सुरकुत्या पडतात," टिपणीस म्हणाले, आणि ते किती वाईट वाटतंय हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ते काळं पुस्तक टेबलावरच ठेवून गेले. खांबेट्यांनी दार जोरात लावलं. मग ते पुस्तक उचलून परत त्यांच्या अंगावर फेकावं म्हणून दार उघडलं, पण गाडी निघाली होती.

डबा त्यांनी दोन दिवस तसाच ठेवला. त्या माणसाचं काही वापरायचं नाही म्हणून स्वतःचा डबा शोधला. तो लहान पडला. शेवटी टिपणीसांचाच घेतला.

पहिले चार दिवस काहीच सुटलं नाही. पाचव्या दिवशी वरचं पान एका कोपऱ्यातून उचललं गेलं. इंजिनच्या दोन भागांमधलं पातळ गास्केट काढायचे तशी त्यांनी पट्टी आत सरकवली, जोर न करता, जिथे अडेल तिथे थांबून. पाऊण तास लागला. एक तिकीट मधोमध दुमडलं, त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पान सुटलं. एक्क्याऐंशी साल, फुलपाखराचं तिकीट. शाई कडेला फुटली होती, पण वाचता येत होतं. मजकुराच्या मध्यावर एक गोल तपकिरी डाग होता. तो लोणच्याचा नव्हता.

"वही टेबलावर आठ दिवस उघडी ठेवली, एकाहत्तरच्या पानावर. ह्यांच्या खुर्चीसमोरच. म्हटलं वाचतील, मग बोलू. काल पानं उलटून इथे, या पानावर ठेवली. आज ह्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. मी कप उचलला. आता पुन्हा असं करायचं नाही."

खांबेट्यांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. मग सुटलेलं पान टीपकागदावर ठेवून त्यावर टीपकागद ठेवला, जसं सांगितलं होतं तसं, आणि वर वजन म्हणून जाड टेलिफोन डिरेक्टरी ठेवली.

तितक्यात मीनलचा फोन आला. भांडणानंतरचा पहिला.

"हरीशकाका म्हणाले, तिकिटं छान निघाली," ती म्हणाली. आवाज अजून कडकच होता. "आणि रायटिंग? निघालं का? मला कोणीतरी वाचून दाखवायला पाहिजे. मी बॉर्न झाले तेव्हा आईनं काहीतरी लिहिला असणार ना? सेव्हंटी-टू?"

"बघतोय," खांबेटे म्हणाले.

"बघतोय म्हणजे काय? तुमच्याकडे आहे की काकांकडे?"

"काम चालू आहे म्हटलं ना. सारखं काय विचारतेस?"

"फाइन," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर ते डब्यापाशी आले. झाकण उघडलं, स्पंज दाबून बघितला, पुन्हा झाकण लावलं. टिपणीसांना फोन करून टाकून दिलेल्या पानांतलं काही, एखादा शब्दसुद्धा, दिसला होता का ते विचारायचं होतं. ते त्यांनी विचारलं नाही. मीनलला बहात्तरचं पान गेलं हे सांगितलं नाही. एक्क्याऐंशीच्या पुढची अडतीस पानं अजून सोडवायची आहेत.